हलतंय, पण चालतंय!

मित्रांनो, आपल्या होस्टेलचं एक ब्रीदवाक्य आहे. ते गेटवर लिहिलेलं नाही, प्रॉस्पेक्टसमध्येही छापलेलं नाही. पण फर्स्ट इयरचा मुलगा बॅग खाली टेकवतो न टेकवतो तोच त्याला ते पाठ होतं. ‘हलतंय, पण चालतंय!’ खुर्चीचा पाय हलतोय, पण बसता येतंय. नळ हलतोय, पण पाणी येतंय. दाराची कडी हलतेय, पण दार लागतंय ना, मग झालं! आणि अगदीच चालेनासं झालं, तर आपल्याकडे एम-सील आहे, इन्सुलेशन टेप आहे, सायकलची जुनी ट्यूब आहे आणि ‘आपण इंजिनियर आहोत’ हा दांडगा आत्मविश्वास आहे.

मीही याच पंथातला. पण गेल्या हिवाळ्यात एनसीसीच्या कॅम्पमध्ये एका आर्मरर उस्तादांनी माझा हा आत्मविश्वास पाच मिनिटांत ढिला केला. त्याचीच ही गोष्ट. गोष्ट रायफलीची आहे, पण शेवटी मी येणार आहे आपल्याच होस्टेलवर. तेव्हा ज्यांना बंदुकांत रस नाही त्यांनीही पान उलटू नये, ही विनंती.

तर झालं असं. आर्मी अटॅचमेंट कॅम्पमध्ये एका दुपारी आम्हाला युनिटचं शस्त्रागार दाखवायला नेलं. रायफली ओळीने उभ्या होत्या. एक मात्र बाजूला आडवी ठेवलेली, तिच्या नळीला लाल चिंधी बांधलेली. मी विचारलं, “उस्ताद, हिला काय झालं?” उस्ताद सातारकडचे, बोलणं मोजकं. त्यांनी ती रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, आमच्यातल्या एकाला नळी धरायला लावली आणि मला म्हणाले, “इथं धर. हलव.” नळीच्या मध्यापुढे एक लोखंडी ठोकळा बसवलेला होता. मी हलवला. अगदी किंचित, जाणवेल न जाणवेल इतकाच तो हलला. “हलतोय,” मी म्हणालो. आणि सवयीने पुढचं वाक्य तोंडातून निसटलंच, “पण चालत असेल ना?”

उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की फायनल व्हायव्हाला एक्स्टर्नलनेही कधी पाहिलं नसेल!

त्या ठोकळ्याला म्हणतात गॅस ब्लॉक. त्याचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे उस्ताद का भडकले ते कळेल. आधुनिक रायफलीत गोळी सुटते तेव्हा चेंबरमधला दाब सुमारे ३५० मेगापास्कलच्या घरात जातो, म्हणजे ३,५०० बार. आपल्या मेसचा कुकर शिटी मारतो तेव्हा त्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बारने जास्त असतो, यावरून कल्पना करा. हा गॅस गोळीला पुढे ढकलत नळीतून जातो. नळीला वाटेत एक बारीक भोक पाडलेलं असतं. ते किती बारीक? नेहमीच्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफलींत साधारण दीड ते अडीच मिलिमीटर. गोळी या भोकाच्या पुढे गेली की थोडा गॅस त्यातून वर शिरतो, गॅस ब्लॉकमध्ये येतो, आणि तिथून पिस्टनला किंवा सरळ बोल्ट कॅरियरला मागे ढकलतो. कॅरियर मागे जाताना रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस आत भरतो. गोळी भोकापासून नळीच्या तोंडापर्यंत जायला एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. रायफलीला तिची काय ती ‘मजुरी’ तेवढ्या वेळात मिळते. गोळी बाहेर पडली की गॅसचा दाब गेला!

आता हा ठोकळा ढिला झाला तर? तो थोडा फिरला किंवा पुढे सरकला, की नळीचं भोक आणि ठोकळ्याचं भोक समोरासमोर राहत नाही. गॅस फटीतून गळतो, कॅरियर अर्ध्या वाटेतून परत येतो, रिकामं काडतूस अडकतं, नवं भरलं जात नाही. म्हणजे गोळी एकदा सुटते आणि हातात उरते ती काठी. काही रायफलींत पुढची साइट याच ठोकळ्यावर असते. तिथे तर आणखी मजा. रायफल व्यवस्थित चालते, नेम मात्र दर वेळी वेगळ्या ठिकाणी लागतो.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी मी आपलं ज्ञान पाजळलं. “उस्ताद, ग्रब स्क्रू करकचून आवळला आणि वर लॉकटाइट लावलं तर?”

उस्ताद म्हणाले, “इंजिनियर ना तू? मग मला आधी तीन गोष्टी सांग. किती ढिला आहे? कशामुळे ढिला झाला? आणि ढिलं नक्की कोण, ठोकळा की नळी?” मी गप्प. ते म्हणाले, “याचं उत्तर नाही, तोवर पान्याला हात लावायचा नाही. म्हणून तर ती चिंधी.”

मित्रांनो, ‘फिट्स अँड टॉलरन्सेस’ हा चॅप्टर आपण सगळेच करतो. क्लिअरन्स फिट, ट्रान्झिशन फिट, इंटरफिअरन्स फिट, एच-सेव्हन, जी-सिक्स... दहा मार्कांना हमखास येतो म्हणून आकृतीसकट पाठ! पण हा चॅप्टर म्हणजे कुणाच्या तरी हातातला जीव आहे, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं असेल, मीच मागच्या बाकावर झोपलो असेन.

कॅम्पहून आल्यावर मी लायब्ररीत बसून या विषयाचा बराच फडशा पाडला (सबमिशन सोडून बाकी सगळ्या गोष्टींत आपल्याला भलता उत्साह असतो, हे आपण जाणताच). आणि लक्षात आलं, की उस्तादांचे तीन प्रश्न म्हणजे साऱ्या मेंटेनन्स इंजिनियरिंगचं सार आहे.

अमेरिकेची एम-वन गॅरंड रायफल घ्या. जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड आर्मरीत ती घडवली, १९३६ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारली, आणि पुढे ५० लाखांहून जास्त बनल्या. तिचा गॅस सिलिंडर नळीवर स्प्लाइन्सवर सरकवून बसवतात, आणि पुढची साइट त्याच सिलिंडरवर असते. तो वारंवार काढला-घातला की स्प्लाइन्स झिजतात आणि सिलिंडर हलायला लागतो. हलला तर काय बिघडतं? आपल्या आवडत्या समरूप त्रिकोणांनी हिशेब करा. दोन्ही साइट्समधलं अंतर साधारण ७०० मिलिमीटर. पुढची साइट ०.१ मिलिमीटर बाजूला सरकली, तर ३०० मीटरवर गोळी सुमारे ४३ मिलिमीटर बाजूला. साइट अर्धा मिलिमीटर सरकली, तर गोळी २१ सेंटिमीटर बाजूला! अर्धा मिलिमीटर म्हणजे आपल्या भाषेत ‘काही नाही रे, थोडंसं हलतंय’.

यावर तिथल्या कारागिरांचा जुना उपाय आहे. पंच आणि हातोडीने नळीच्या स्प्लाइन्सच्या कडा हलकेच ठोकून धातू किंचित उचलायचा, म्हणजे सिलिंडर पुन्हा घट्ट बसतो. यात नवा पार्ट लागत नाही, फक्त हाताचं कसब लागतं. पण त्याआधी ते काय करतात? चांगला असल्याची खात्री असलेला दुसरा सिलिंडर त्याच नळीवर घालून बघतात. तो घट्ट बसला, तर दोष जुन्या सिलिंडरचा, तो बदला. तोही हलला, तर दोष नळीचा, आणि मग नवा सिलिंडर आणून पैसे वाया घालवण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांची परीक्षा, पण ‘ढिलं नक्की कोण’ याचं उत्तर मिळतं. आणि दुरुस्ती झाल्यावर एक पथ्य, सिलिंडर विनाकारण काढायचा नाही. नाहीतर उचललेला धातू पुन्हा झिजतो आणि आपण मूळपदावर.

दुसरं उदाहरण यूजीन स्टोनर यांच्या एआर-१५ आणि एम-१६ घराण्यातलं. तिथे नळीचा गॅस ब्लॉकखालचा व्यास बहुतेक वेळा ०.७५० इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असतो. ब्लॉक धरून ठेवायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, ग्रब स्क्रू खालून आवळायचे. दुसरी, क्लॅम्पसारखा ब्लॉक स्क्रूने चिमटायचा. तिसरी, ब्लॉक आणि नळी या दोन्हींतून आडवी पिन ठोकायची. मूळच्या एम-१६ मध्ये पुढच्या साइटचा ठोकळा दोन टेपर पिनांनी बसवलेला असतो. पहिल्या दोन पद्धती घर्षणाच्या भरवशावर आहेत, तिसरी आकाराच्या. पिन तुटल्याशिवाय ठोकळा सरकूच शकत नाही. ग्रब स्क्रूचं मात्र तसं नाही. नळी तापते, थंड होते, दर गोळीला हादरा बसतो, आणि स्क्रू एक-एक अंश मागे फिरत जातो. माझं लाडकं लॉकटाइटही इथे फसतं. कारण साधं थ्रेडलॉकर १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली पकड सोडतं, आणि भराभर गोळ्या झाडल्या तर नळी गॅस ब्लॉकपाशी त्याहून जास्त तापू शकते. म्हणून जाणकार लोक नळीवर ग्रब स्क्रूच्या टोकासाठी छोटा खळगा पाडतात, उष्णता सोसणारं सिरॅमिक जातीचं लॉकर वापरतात, किंवा सरळ आडवी पिन घालतात. टेपर पिनच ढिली झाली असेल, तर रीमर फिरवून किंचित जाड पिन बसवतात. आणि ब्लॉकचं आतलं भोकच मोठं झालं असेल तर? तर मग कुठल्याही गोंदाने काही होत नाही. तो काढायचा, नवा बसवायचा.

यातली गंमत पुढे आहे. ब्लॉकमधून अगदी थोडा गॅस गळत असेल, पण ब्लॉक हलत नसेल, तर पुष्कळदा काही करावंच लागत नाही. गोळ्या झाडता झाडता काजळी साठते आणि ती फट आपोआप बुजते! म्हणजे गळतंय पण हलत नाही, हा बहुतेक वेळा आजार नाही. हलतंय पण अजून गळत नाही, हा मात्र आजार. आणि आपण बरोबर उलटं करतो. गळणाऱ्या नळावर तक्रारींचा पाऊस, हलणाऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही.

(इथे एक सूचना. हे वाचून कुणी गावाकडच्या काकांच्या बारा बोअरवर प्रयोग करू नयेत. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो. आणि तसाही, आपल्याला अजून मेसची गिरणी दुरुस्त करता येत नाही.)

आता येतो होस्टेलवर.

शस्त्रागारात उस्तादांनी ते तीन प्रश्न विचारले, तेव्हा मी गप्प बसलो ते उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. मला माझ्या सेकंड इयरच्या खोलीतला पंखा आठवला म्हणून.

तो पंखा डुगडुगायचा. कट कट कट असा आवाज यायचा. आम्ही तक्रार लिहिली, तक्रार वहीत राहिली. शेवटी मी स्टुलावर चढलो. ज्यांनी पंखा उघडून पाहिलाय त्यांना माहीत असेल, खाली मोटारीपाशी दांडा दोन गोष्टींनी धरलेला असतो. एक आडवा बोल्ट, ज्याच्या टोकाला स्प्लिट पिन असते, आणि एक ग्रब स्क्रू. बघा, आपल्या गॅस ब्लॉकसारखंच! आमच्या पंख्यात बोल्ट हलत होता आणि स्प्लिट पिन जागेवर नव्हतीच. ती पिन म्हणजे एका कटिंग चहाइतकीही किंमत नसलेली वस्तू. पण दुकानात कोण जाणार? मी ग्रब स्क्रू करकचून आवळला, जोडाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली, वरून बाइंडिंग वायर मारली. पंखा लावला. आवाज बंद! मजल्यावरच्या चार खोल्यांतून पोरं ‘इनोव्हेशन’ बघायला आली. मी पार्टी घेतली.

साधारण चार महिन्यांनी, संध्याकाळी सगळे मेसला गेलेले असताना, तो पंखा खाली आला. रूममेटच्या कॉटवर, बरोबर उशीच्या जागी. हा गडी रोज दुपारी दोन ते पाच पंख्याखाली त्याच उशीवर झोपायचा. आम्ही जेवून आलो तेव्हा गादी फाटलेली, एक पातं वाकलेलं, आणि माझी ती ट्यूब वायरसकट दांड्याला तशीच लटकत होती. रूममेट काही बोलला नाही. मीही नाही. त्याने फक्त कॉट भिंतीकडे सरकवली. मला वाटतं, तो मला काही बोलला असता तर बरं झालं असतं.

रेक्टर सरांना आम्ही ‘पंखा जुना होता’ असं सांगितलं. ते खोटं होतं. पंखा जुना नव्हता, माझी दुरुस्ती चुकीची होती. आज या पानावर ते कबूल करतो. त्या ट्यूबने काय केलं होतं? जोड घट्ट केला नव्हता, फक्त आवाज दाबला होता. तो कट कट आवाज म्हणजे पंख्याने दिलेली नोटीस होती. मी आजार तसाच ठेवला आणि रोग्याचं तोंड बांधलं!

म्हणूनच आपल्या ‘जुगाड’ संस्कृतीचं जे कौतुक चालतं, त्याला माझा विरोध आहे. टेक फेस्टमध्ये जुगाडावर टाळ्या पडतात. अडचणीच्या वेळी, दोन तासांपुरता, डोळ्यांसमोर असेल तो जुगाड मलाही मान्य आहे. पण ‘तात्पुरतं’ म्हणून केलेलं काम आपण कायमचं ठेवतो आणि विसरून जातो, तिथे जुगाड संपतो आणि निष्काळजीपणा सुरू होतो.

पण याचा अर्थ ‘सगळं फेका, नवं आणा’ असा काढणाऱ्यांनाही मी मत देणार नाही. गेल्या वर्षी एका लॅबमधल्या पंपाचं सील गळत होतं. नवा पंप आला. दोन महिन्यांत त्याचंही सील गळायला लागलं. वर्कशॉपच्या मामांनी खाली वाकून पाहिलं, तर पायाचा एक बोल्ट ढिला, आणि मोटार व पंप एका रेषेत नाहीत. म्हणजे पंप नवा आणि रोग जुनाच! कारण न शोधता केलेली दुरुस्ती आणि कारण न शोधता केलेला बदल, ही सख्खी भावंडं आहेत. एकात आळस हाताचा, दुसऱ्यात डोक्याचा. आणि दुसऱ्याचं बिल मोठं, एवढाच फरक.

काही जण म्हणतील, “अरे, वापरणारी पोरंच धड वापरत नाहीत, त्याला कोण काय करणार?” हेही रायफलीच्या इतिहासात घडून गेलंय. १९६६-६७ मध्ये व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफली ऐन लढाईत अडकायला लागल्या. आधी बोट सैनिकांकडेच दाखवलं गेलं, रायफल साफ ठेवत नाहीत म्हणून. मग अमेरिकन संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली, आणि ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले. काडतुसातली दारू बदलली होती, पण त्यासाठी रायफल नीट तपासली नव्हती. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. आणि ज्यांनी साफ करायची, त्यांतल्या अनेकांना साफसफाईचं किटच दिलेलं नव्हतं! मग चेंबर क्रोमचे झाले, बफर बदलला, किट दिली गेली, आणि देखभाल कशी करायची ते सैनिकांना पटावं म्हणून विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून चक्क कॉमिक्सच्या रूपात पुस्तिका काढून घेतली. वापरणाऱ्यावर ओरडून काहीच सुधारलं नसतं. कारण शोधलं, म्हणून सुधारलं.

असो. नुसतं व्याख्यान नको, म्हणून एक प्रस्ताव मांडतो. उस्तादांच्या शस्त्रागारात प्रत्येक हत्याराची वेगळी नोंद होती. कधी बिघडलं, काय केलं, कुणी केलं, सगळं. आपल्या होस्टेलच्या तक्रारवहीत दोनच रकाने आहेत, ‘तक्रार’ आणि ‘सही’. त्यात आणखी चार वाढवा. कारण काय सापडलं? दुरुस्त केलं की बदललं? कुणी केलं? पुन्हा कधी बघायचं? जिथे धोका आहे, तिथे लाल चिंधी बांधा आणि काम होईपर्यंत ती वस्तू वापरू नका, मग पंखा असो नाहीतर गिझर. आम्ही थर्ड इयर मेकॅनिकलची काही पोरं महिन्यातून एका शनिवारी वर्कशॉपच्या मामांबरोबर एकेका मजल्यावरचे पंखे तपासायला तयार आहोत. ऑफिसने फक्त स्प्लिट पिनांचं एक पाकीट आणि एक भक्कम शिडी द्यावी. बजेटचा प्रश्न यायचं कारण नाही, पिनांचे पैसे मी वर्गणी काढून देतो. पार्टी घेतली होती ना, त्याचं प्रायश्चित्त.

आणि तुम्ही, हे वाचणाऱ्या मित्रांनो? आज रात्री झोपताना एकदा वर बघा. पंखा डुगडुगत असेल तर उशी बाजूला घ्या, पंखा बंद करा आणि वहीत लिहा. ट्यूब गुंडाळू नका.

त्या रायफलीचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल. आमचा कॅम्प संपला तेव्हाही ती बाजूलाच होती, चिंधी तशीच. मी उस्तादांना विचारलं, “अजून नाही झाली?” ते म्हणाले, “कारण सापडलं नाही अजून.”